एका शब्दाचे न्यायाधीश

तोक्योतल्या समस्त निशी-कसाईकरांनी उभं राहून ऐकावी अशी बातमी: आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकाला खरा इंग्रज नट मिळाला! शेजारच्या इमारतीतल्या या आजोबांनी लंडनची रंगभूमी आणि सिनेमे गाजवले होते. संवाद विसरू लागल्यावर त्यांनी काम सोडलं. आम्ही त्यांना क्रांतिकारकाच्या खटल्यातला इंग्रज न्यायाधीश केलं आणि एकच शब्द दिला, ‘फाशी’. स्टेशनवर ते तो खड्या आवाजात घोकत. जपानी प्रवासी हळूच बाजूला सरकत. “पुन्हा विसरलो तर?” असं मला रोज विचारत.

प्रयोगात तरुण क्रांतिकारक समोर आला आणि आजोबा थांबले. मी विंगेतून शब्द पुरवत राहिलो. त्यांनी शांतपणे डोक्यावरचा टोप काढला, दाराकडे हात केला आणि म्हणाले, “गो होम, माय सन.”

टाळ्या थांबेनात. आजोबा कमरेत वाकले, पुन्हा वाकले. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या काकू ओरडल्या, “उशिरा का होईना, सोडलंत हो साहेब!”