उंदरांची निवड

लाकडाच्या भुशाचा वास आला की मला संभाजीनगरच्या प्रयोगशाळेतली उंदरांची खोली आठवते. रक्तातून अ जीवनसत्त्व वाहून नेणारं एक प्रथिन असतं; ते नसलं तर वजनाचं काय होतं, हे आम्ही शोधत होतो. एका पिंजऱ्यात ते प्रथिन असलेले पांढरे उंदीर, दुसऱ्यात नसलेले. पण जाडे-रोडके दोन्हीकडं सारखेच, त्यामुळं निकाल काही लागेना. एके दिवशी वडील सोयगावहून भाकरी घेऊन आले. त्यांनी जन्मभर मेंढरं राखलेली. त्यांना उंदरांपाशी बसवून मी चहा आणायला गेले. परतले तर आमचे सर पिंजऱ्यांकडं बघत नाचायचेच बाकी होते. सगळे जाडे एकीकडं, सगळे रोडके दुसरीकडं! "इतका स्वच्छ निकाल जन्मात पाहिला नाही!" सर म्हणाले. "व्हय साहेब, मीच निवडून ठिवली," वडील खुशीत म्हणाले, "दांडग्यांत रोडक्याला खायाला मिळत नाय, लई हाल व्हतात." सर मटकन खाली बसले. सगळेच पांढरे, आता कोण कुठला हे कसं कळणार? "साहेब, तुमी बी रोडकेच दिसता," म्हणत वडिलांनी त्यांच्यापुढं भाकरी सरकवली. आता माझे विद्यार्थी फार सुबक निकाल घेऊन आले की मी आधी विचारते, "खोलीत कुणाचे वडील येऊन गेले का?"