गुण कोणाच्या हाताला

"वणीला ताई कोसळल्या, डॉक्टरांनी हात टेकले, शेवटी माझ्या अश्वगंधेच्या चूर्णानेच त्या उभ्या राहिल्या." माझे साडू ही कथा प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात. त्यांची ताई म्हणजे माझी पत्नी.

परवा गंगापूर रोडवरच्या एका साखरपुड्यात ती पुन्हा रंगली आणि ही हसून म्हणाली, "काही म्हणा भावजी, तुमच्या हाताला गुण आहे हो!"

माझ्या पोटात दुखले, नाकारत नाही. रोज उठल्याबरोबर हिच्या तळहातावर गोळी ठेवणारा हात माझा आहे. त्याला गुण असल्याचे तिने कधी म्हटलेले मला स्मरत नाही.

हिच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या आहेत. कॉर्टिसोल हे जीवनावश्यक संप्रेरक त्यांतून पाझरत नाही. ते गोळीतूनच मिळते. अश्वगंधेवर जे लहानसहान प्रयोग झाले आहेत, त्यांत ताणाने त्रासलेल्या, पण ग्रंथी शाबूत असलेल्या माणसांचे कॉर्टिसोल कमी झालेले आढळते. जे हिच्यापाशी मुळातच नाही, ते कमी करून साडू हिला उभी करणार! ज्येष्ठमध शरीरातले कॉर्टिसोल टिकवून धरतो हे मी मान्य करतो. पण त्याने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घसरते, आणि तोही गोळीची जागा घेऊ शकत नाही.

घरी परतल्यावर मी हे सारे मांडले.

"अहो, बिचारे प्रेमानं देतात. तुमचं काय जातं?"

"श्रेय जातं."

"मग तुम्हीही सांगत जा की पंगतीत!" ती म्हणाली आणि बहिणीला फोन लावायला आत गेली.

म्हणून येथे सांगतो. बहीण आणि साडू यांच्यासोबत ही वणीला गेली होती. तिसऱ्या दिवशी गोळ्यांची डबी घरच्या फडताळात दिसताच मी ती घेऊन निघालो. पोचलो तोवर हिला रुग्णालयात नेलेले होते. डबी पाहताच डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, शिरेतून इंजेक्शन दिले. संध्याकाळी हिने चहा मागितला आणि तो पांचट आहे म्हणून परत पाठवला. साडूंचा चमचा दुसऱ्या सकाळी आला.

तरीही कोणाला शंका असेल, तर एवढेच ध्यानात घ्यावे: कोसळण्यापूर्वीचे दोन दिवस हिच्या पोटात साडूंनी स्वतःच्या हाताने दिलेले चूर्ण दोन्ही वेळा जात होते, आणि गोळी एकही गेली नव्हती.