चवीपुरतं मीठ

मावशींच्या हातचं अन्न कुणी पानात टाकलं नव्हतं. वसतिगृहाच्या खानावळीत पोरं बोटं चाटत उठायची. ती खानावळ बंद पडली आणि मावशी प्रयोगशाळेत उंदरांचं खाद्य मळायला लागल्या. तिथे पहिल्याच आठवड्यात नाक कापलं गेलं. एका रांगेतले उंदीर खाद्य हुंगायचे आणि खुशाल तोंड फिरवायचे!

सरांनी प्रयोग समजावला होता. सगळ्यांच्या पाण्यात पोटाचा कॅन्सर करणारं रसायन, आणि त्यातल्या अर्ध्यांना खारट खाद्य. मिठाने रोग वाढतो का, ते बघायचं. मावशींनी मान डोलावली, पण स्वयंपाकिणीला ‘खारट’ ही शिवीच. त्यांनी पीठ चाखलं आणि थू थू केलं. किलोला शंभर ग्रॅम मीठ? सरांच्या हातून शून्य जास्त पडलं असणार, बिचारे! मावशी चवीपुरतंच घालू लागल्या. वाट्या चकाचक झाल्या नि त्यांचा जीव भांड्यात पडला.

घरी उलटी तऱ्हा. नवरा घास न चाखताच वरून मीठ भुरभुरायचा आणि मग पोट धरून बसायचा. डॉक्टरचं नाव काढलं की कानांवर हात.

वर्षाने सर हरखून आले.

“मावशी, दोन्ही रांगांत फरकच नाही! मीठ निर्दोष! आता छापून टाकतो.”

मावशी पेचात पडल्या. बोलावं तर नोकरी जाणार. न बोलावं तर उद्या घरचा शहाणा पेपर नाचवत बरणीच उपडी करणार.

“सर, मीठ चवीपुरतंच होतं.”

“कुणाच्या चवीपुरतं?”

“माझ्या.”

वर्ष पाण्यात गेलं होतं. सर म्हणाले, “खोटं छापलं असतं मी. उद्यापासून पुन्हा. तोलून घाला. आणि चाखायचं नाही!”

दुसऱ्या दिवशी मावशींनी जाणूनबुजून अन्न बिघडवलं. नव्या उंदरांनी तोंड फिरवलं, तेव्हा त्यांना रडू आलं. त्याच तंद्रीत संध्याकाळी घरच्या भाजीतही हात सैल सुटला. त्यांनी घास तोंडात घातला आणि थुंकलाच.

समोर नवरा मिटक्या मारत होता. “आज कुठे चव आली बघ!”

मावशींनी त्याचं ताट ओढून घेतलं.

“उंदीर तोंड लावत नाहीत असलं तुम्ही चाटूनपुसून खाताय! उद्या डॉक्टरकडे. मी येतेय बरोबर.”

“अगं, जेवू तरी दे!”

“नाही,” मावशी म्हणाल्या. जेवत्या माणसाच्या पुढ्यातलं ताट त्यांनी जन्मात पहिल्यांदा उचललं होतं.