हिऱ्याच्या तोंडावरचा वण

हुसेनभाई गेल्याचं कार्ड मला सांगलीला चौथ्या दिवशी मिळालं. माती केव्हाच झाली होती. कार्ड त्यांच्या जावयानं लिहिलं होतं, तीन ओळींचं. ते वाचून मी दुकानाची फळी लावली आणि आतल्या खोलीत जाऊन ट्रंक उघडली. तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली एक काच होती. तिच्याबद्दल मी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही. हुसेनभाईंना तर नाहीच… आणि सांगायला हवं होतं ते त्यांनाच.

कराडला नदीकडच्या गल्लीत हुसेनभाईंचा फोटोस्टुडिओ होता. मी तिथं दहा वर्षं टचिंगचं काम केलं. टचिंग म्हणजे फोटोच्या काचेवर, निगेटिव्हवर, बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग मिटवायचे. नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण, पैलवानाचा फुटका कान, सावकाराच्या डोळ्याखालच्या पिशव्या, सगळं माझ्या हाताखालून जाई आणि नितळ होऊन बाहेर पडे. लोक फोटो बघून खूश होत. या कामाचा मला गर्व होता, हे आता कबूल करतो. हुसेनभाईंना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांचा सगळा जीव उजेडात. स्टुडिओच्या छपराला उत्तरेकडून काचा बसवलेल्या होत्या, त्याखाली दोरीवरचे पांढरे पडदे. सकाळी आले की ते मान वर करून नुसते उभे राहायचे आणि मग एकच पडदा वीतभर सरकवायचे. एकदाच. पुन्हा हात लावायचे नाहीत.

लढाईची वर्षं होती. शिराळ्याच्या अलीकडच्या एका गावातला बाळकू नावाचा शिपाई तिकडं इटलीत लढत होता. त्यानं घरी लिहिलं, मला हिऱ्याचा फोटो पाठवा. हिऱ्या म्हणजे त्याचं कुत्रं, बदामी रंगाचं, कारवानी जातीचं, उंच, सडपातळ. बाळकू पोरसवदा असताना उसात रानडुक्कर त्याच्या अंगावर आलं, तेव्हा मधे पडलेलं. त्याची खूण हिऱ्याच्या तोंडावर होती. डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत केस नसलेला काळा वण.

बाळकूची आई आधी एकटीच विचारायला आली. हुसेनभाईंनी तिला पाटावर बसवून सांगितलं, "आक्का, त्या दिवशी त्येला आंघोळ घालू नका, केस चिकटत्यात. पोटभर खायला घालू नका, झोपंल. गाडीतनं उतरलं की आधी नदीवर फिरवून आणा. आणि फोटूच्या येळंला त्येचं नाव घ्यायचं न्हाई, माज्या पाठीमागं गप उभं ऱ्हायाचं."

"आन् त्यो बसलाच न्हाई तर?"

"न्हाई बसला तर उभा ऱ्हाईल. आपल्याला काय घाई हाय?"

ती बैलगाडीनं आदल्या दिवशी निघून, कराडात नात्यात मुक्काम करून सकाळी हिऱ्याला घेऊन आली. हुसेनभाईंनी कॅमेरा बुटक्या लाकडी घोडीवर, स्टँडवर, ठेवला होता आणि स्वतः जमिनीवर मांडी घातली होती. तासभर त्यांनी काही केलंच नाही. हिऱ्यानं खोली हुंगली, कॅमेरा हुंगला, मग काळ्या फडक्यात तोंड घातलं.

"आवं, फडकं घान करंल," आक्का म्हणाली.

"करू दे. मामलेदार आले तर आधी आरशात मिशा बघत्यात. ह्यो निदान माजा कॅमेरा तरी बघतोय."

विलायती काचा लढाईमुळं मिळत नव्हत्या. आमच्याकडं त्या मापाची एकच शिल्लक होती. म्हणून हुसेनभाईंनी रिकाम्या कॅमेऱ्याच्याच भिंगावरचं झाकण आठ-दहा वेळा काढलं, घातलं. त्या आवाजाची हिऱ्याला सवय झाली. शेवटी तो पडद्यापुढं बसला, पण जीभ बाहेर, धापा चालू. हुसेनभाईंनी खिशातून कडब्याचं एक वाळकं पान काढलं आणि दोन बोटांत हळूच चुरगाळलं. हिऱ्याचं तोंड मिटलं, कान उभे राहिले, सगळं अंग एका श्वासापुरतं थांबलं. तेवढ्यात झाकण निघालं आणि बसलं, फोटो झाला. आक्कानं तोंडावर पदर धरला होता.

संध्याकाळी काच धुऊन झाल्यावर हुसेनभाई मला म्हणाले, "विष्णू, ह्येला पेन्सिल लावू नगंस गड्या." मी बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते बहिणीच्या घरच्या लग्नाला चार दिवस मिरजेला गेले.

मी पेन्सिल लावली. का लावली, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. डाग दिसला की हात जातोच, असं स्वतःला सांगितलं. पण खरं असं की मला वाटलं, हा फोटो साहेब लोकांच्या हाती पडणार, आपल्याकडचं कुत्रं देखणं दिसू दे. दीड दिवस खपून मी तो वण भरून काढला. बदामी केस असे जुळवले की शंका येऊ नये. फोटो छापला, आक्कानं दिलेल्या पत्त्यावर टाकूनही दिला. हुसेनभाई आल्यावर त्यांनी विचारलं, "पेन्सिल न्हाई ना लावलीस?" मी म्हणालो, नाही. काच बघू म्हणाले, तर मी म्हणालो, फोटो छापून ठेवताना हातातून पडली, फुटली. ते रागावले नाहीत. "लागलं न्हाई ना?" एवढंच म्हणाले.

तीन महिन्यांनी बाळकूचं पत्र आलं. ते घेऊन आक्का स्टुडिओत आली, हुसेनभाईंनीच ते तिला वाचून दाखवलं. त्यात होतं, हे माझं कुत्रं नाही. हिऱ्या मेला आहे आणि तुम्ही दुसऱ्याचा फोटो पाठवून मला फसवता. हे लपवता तर घरचं आणखी काय काय लपवत असाल… अण्णा तरी जिवंत आहेत का? अण्णा म्हणजे त्याचे वडील.

काच अखंड होती. टर्पेंटाइनचा एक बोळा फिरवला असता तर पेन्सिल पुसून वण पुन्हा वर आला असता. पण मग माझं खोटं उघडं पडलं असतं. मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसलो. हुसेनभाई बराच वेळ छपराकडं बघत होते. मग म्हणाले, "आक्का, उजेड सपाट पडला आसंल. वण बुडाला. चूक माजी हाय." नवी काच मिळेपर्यंत दिवाळी उलटली, आणि तोवर हिऱ्या म्हातारपणानं खरंच गेला. ते कळवल्यावर बाळकूचं उत्तर आलं, मला आधीच ठाऊक होतं.

लढाई संपून तो परतला तेव्हा स्टुडिओत आला. हुसेनभाई त्यालाही तेच म्हणाले, "माजा उजेड चुकला, गड्या." मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो.

त्यानंतर हुसेनभाई एकदा पडदा सरकवून थांबेनात. तीन-तीनदा शिडी चढायचे. गिऱ्हाईक ताटकळून कुरकुरायचं. मला हाक मारून विचारायचे, "बघ रं, नाकाची सावली बरूबर हाय न्हवं?" ज्या माणसाला उजेड विचारून पडायचा, तो मला विचारत होता… मला ते बघवेना. वर्षभरात मी सांगलीला स्वतःचं दुकान काढायचं निमित्त करून निघून आलो.

कार्ड आलं त्या दिवशी मी काच पुसली. वण जसाच्या तसा वर आला, केस न् केस सुटा. फोटो छापून मी बाळकूच्या गावी गेलो आणि उसाच्या बांधावर उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. त्यानं फोटोवर डोळ्यापासून ओठापर्यंत बोट फिरवलं.

"ह्योच," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "हुसेनभाईंनी बगितला का ह्यो?"

"नाही."

"मग आदी तितं जायाचं व्हतं तुमी."

दुसऱ्या दिवशी कराडला गेलो. हुसेनभाईंच्या बायकोनं, भाभींनी, स्टुडिओ उघडून दिला. छपराखाली मी दुसरी प्रत त्यांच्या हातात ठेवली आणि सांगायचं ते सांगितलं. त्यांनी फोटो पदरानं पुसून काचेखालच्या उजेडात धरला.

"शेवटी शेवटी खाटेवरनं खिडकीकडं बघत असायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, पडदा जरा मागं घे. मी घ्यायची. मग म्हणायचे, चुकलं, परत घे… दिवसभर मी पडदाच सरकवत होते, विष्णूभाऊ."