दिवे मिणमिणताच त्वरित सेव्ह करावे

माणूस खोटं बोलतो, यंत्र कधीच बोलत नाही. या तत्त्वावर मी नोकरीची बारा वर्षं काढली. ते सुवाच्य अक्षरात छापून सर्व्हरच्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवलंही होतं. खोलीची किल्ली एकट्या माझ्याकडे असल्यामुळे ते वाचणाराही मी एकटाच होतो.

आमची कंपनी वरव्याजवळ आहे. बाहेरच्या कारखान्यांसाठी आम्ही यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं करून देतो आणि त्यातले काही भाग शेजारच्या शेडमध्ये बनवतोही. ड्रॉइंगच्या हॉलमध्ये चाळीस माणसं बसतात. कुणी भोरहून येतं, कुणी शिवऱ्याहून, बरेचसे वेल्ह्याकडचे. चाळीस माणसांचे चाळीस संगणक, सगळे लिनक्सवर चालणारे. पण ड्रॉइंग त्यांतल्या एकाही संगणकात नसतं. सगळी ड्रॉइंगं एका सर्व्हरवर असतात. उघडलं की ते तारेतून येतं, सेव्ह केलं की तारेतून परत जातं. या व्यवस्थेला नेटवर्क फाइल सिस्टीम म्हणतात, आम्ही एनएफएस म्हणतो. ती मी उभी केली. सर्व्हरने फाइल डिस्कवर पूर्ण लिहून झाल्याशिवाय ‘मिळाली’ म्हणायचं नाही, असा कडक नियम मी तिला घालून दिला होता. आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही आणि कुणाचं काम बुडालेलं मला चालत नाही.

दिवाळीनंतर हा सर्व्हर अडकायला लागला. दिवसातून पाच-सहा वेळा, कुठल्याही वेळी, चाळीसच्या चाळीस पडदे एकदम गोठायचे. मिनिट-दीड मिनिटाने आपोआप सुटायचे. चौथ्या दिवशी पुण्याहून साहेब आले. साहेबांना साधी गोष्ट उभ्याने सांगता येत नाही, त्यासाठी त्यांना बैठक लागते. बैठकीत त्यांनी सांगितलं की नवा मोठा सर्व्हर यायचा आहे, त्याचा ताबा एकाच माणसाकडे राहील आणि तो माणूस म्हणजे “जो या प्रॉब्लेमच्या मुळापर्यंत जाईल तो.” हे बोलताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा तिच्याकडे.

ती आठ महिन्यांपूर्वी माझ्या हाताखाली आली होती. वेल्ह्याकडच्या शेतकरी घरातली, पस्तिशीची, पुण्यात दहा वर्षं काम करून सासू-सासऱ्यांसाठी परत आलेली. कामात चांगली होती, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. माझी तक्रार वेगळी होती आणि ती लेखी देता येण्यासारखी नव्हती. हॉलमध्ये सगळे तिला ताई म्हणत. मी गेलो की लोक “सर” म्हणून गप्प होत. ती गेली की चटणीचे डबे उघडत. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, हे तिला आठ महिन्यांत कळलं होतं. मला बारा वर्षांत एवढंच कळलं होतं की कोण किती जागा व्यापतो, आणि तेही डिस्कवर.

त्या बैठकीनंतर मी खोलीत शिरलो तो जवळजवळ दोन आठवडे बाहेर आलोच नाही म्हटलं तरी चालेल. सर्व्हरवर मागण्या हाताळणारे आठ कामकरी धागे, म्हणजे थ्रेड, चालत होते, ते मी बत्तीस केले. एका वेळी किती मोठा तुकडा तारेतून न्यायचा, तो आकडा बदलला. तारा बदलल्या, त्या जिथे जुळतात तो मधला स्विच बदलला. दर पाच सेकंदांची नोंद ठेवली आणि तिचे आलेख काढले. प्रत्येक बदलाने कागदावरचा कुठला तरी आकडा सुधारला, आणि पडदे पूर्वीसारखेच गोठत राहिले. अडकायच्या वेळी डिस्कवरचं लिखाण एकदम वाढतं, हे मला आलेखात स्वच्छ दिसत होतं. मी त्याचा अर्थ लावला तो असा : सर्व्हर अडकतो म्हणून लोक वैतागून पुन्हा पुन्हा सेव्ह करतात. कारण आणि परिणाम यांची मी इतक्या सफाईने अदलाबदल केली होती की त्यावर निबंध लिहिता आला असता. खरं म्हणजे लिहायला घेतलाही होता.

ती काय करत होती? हॉलमध्ये बसून होती. मी खोलीच्या काचेतून बघायचो. रोज वेगळ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायची, कुणाशी तरी बोलायची, हसायची, मधेच वहीत दोन शब्द लिहायची. मला वाटलं, ही मतं गोळा करते आहे. उद्या साहेबांपुढे चाळीस जण हात वर करतील आणि माझ्या बाजूने फक्त आलेख असतील. त्या दिवसांत मी तिच्या वहीचाही हेवा केला. साधी शाळकरी दोनशे पानी वही होती.

एका सकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

“सर, तुमी जरा बाहेर येऊन बसा की.”

“कशाला?”

“बघायला. हितं बसून न्हाई दिसायचं.”

“काय दिसायचं नाही?”

“ते म्या सांगितलं तर तुमी मानणार न्हाई.”

हे तिने इतक्या सरळपणे सांगितलं की मला राग आला. काम आहे, म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी गेलो. तिने बोलावलं म्हणून गेलो असं दिसू नये म्हणून हातात वर्तमानपत्र घेतलं.

हॉलमध्ये बसलो तर सगळे एकदम ताठ झाले. माझ्या शेजारी सगळ्यांत जुना ड्राफ्ट्समन होता, कापूरहोळच्या पुढून येणारा, निवृत्तीला आलेला.

“काय चुकलं का आमचं, सर?” त्याने हळूच विचारलं.

“नाही, सहज बसलोय.”

“सहज?” तो म्हणाला आणि मागच्या टेबलाकडे वळला. “सर सहज बसल्यात रं. कामं करा.”

मागे कुणीतरी खुसखुसलं. मी अग्रलेख वाचू लागलो. साधारण वीस मिनिटांनी शेजारच्या शेडमधला मोठा कॉम्प्रेसर सुरू झाला. तो दिवाळीत नवीन बसवला होता. सुरू होताना त्याने इतकी वीज ओढली की हॉलमधल्या सगळ्या ट्यूबलाइट क्षणभर मंद झाल्या आणि पुन्हा पेटल्या. त्याच क्षणी टक्‌ असा एक आवाज झाला. चाळीस कीबोर्डांवर चाळीस जणांनी एकदम सेव्ह केलं होतं. कुणी मान वर केली नाही, बोलणं थांबवलं नाही. पापणी लवावी तसं ते झालं. तीन सेकंदांत पडदे गोठले.

“हे काय केलंत?” मी विचारलं.

“सेव्ह मारलं.”

“का पण? संगणक सगळे यूपीएसवर आहेत. सहा वर्षं झाली. वीज गेली तरी तासभर बंद पडत नाहीत.”

“लाईट हालली की सेव्ह मारायचं, अवो. तुमीच लिवलंय की.”

त्याने बोट दाखवलं तिकडे पाहिलं. दाराच्या वर, घड्याळाच्या शेजारी, लाकडी चौकटीत माझी सूचना लावलेली होती. ‘दिवे मिणमिणताच त्वरित सेव्ह करावे.’ खाली ‘आज्ञेवरून’ आणि माझी सही. यूपीएस येण्याच्या आधीच्या काळातली. ती काढायला मी विसरलो होतो, आणि चौकटीत बसवली कुणी हे मला आजही माहीत नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ती वाचून दाखवायची पद्धत पडली होती, असं नंतर समजलं. बारा वर्षांत माझी एवढी एकच गोष्ट या लोकांनी मनापासून ऐकली होती.

ती पलीकडच्या टेबलाशी बसली होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मला हे दोन आठवडे का दिसलं नाही, याचंही उत्तर तिथे बसल्या बसल्याच मिळालं. काचेतून मी फक्त तिची वही बघत आलो होतो. यूपीएस घेताना हॉलच्या ट्यूबलाइट मी त्यावर घेऊ दिल्या नव्हत्या. दिव्यांना कशाला यूपीएस, असं म्हणालो होतो. अपवाद एकाच दिव्याचा केला होता : माझ्या खोलीतल्या.

साहेबांची पुढची बैठक तीन दिवसांनी होती. कारण तिने शोधलं होतं आणि साहेबांना अजून सांगितलं नव्हतं. तिने ते आधी मला दाखवलं, कारण तिच्या मते मी वरिष्ठ होतो. याचा मी काय उपयोग केला ते लिहायला हवं. मी पंधरा स्लाइडांचं सादरीकरण तयार केलं. पहिल्या स्लाइडवर माझं नाव होतं. तिचं नाव कुठेच नव्हतं. शेवटच्या स्लाइडवर ‘सर्वांचे आभार’ असं होतं आणि त्यात ती येते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

सातव्या स्लाइडपर्यंत मी बरा बोललो.

“थांबा,” साहेब म्हणाले. “अडकतं कशामुळे?”

“समकालिक लेखनाचा उद्रेक होतो, सर. सर्व संगणकांकडून एकाच क्षणी—”

“म्हणजे काय?”

मी आठवी स्लाइड लावली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही सांगा.”

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे बघत होतो.

“कॉम्प्रेसर लागला की ट्यूबा हालतात,” ती म्हणाली. “ट्यूबा हालल्या की आमची माणसं घाबरून सेव्ह मारतात. चाळीस जण एका टायमाला. तेवढं डिस्कवर लिवून होईपर्यंत सर्व्हर कुणालाच जबाब देत न्हाई.”

“मग उपाय?”

उपाय माझ्याकडे चार होते. जलद डिस्का, वेगळी तार, लोकांचे दोन गट पाडून दोन सर्व्हर, आणि तो कडक नियम सैल करणं. मी पहिल्यापासून सुरुवात केली.

“ट्यूबा यूपीएसवर घ्या,” ती म्हणाली. “हालल्याच न्हाईत तर कोण घाबरंल?”

साहेब बराच वेळ हसले. मग त्यांनी मला विचारलं, “हे कुणी शोधलं?” खोलीत आम्ही तिघंच होतो आणि ती गप्प होती. अजूनही माझ्यासाठी जागा सोडून ती गप्प बसली होती, हे मला तेव्हाही कळलं. त्या गप्प बसण्याचाही मला हेवा वाटला, कारण तिच्या जागी मी असतो तर गप्प बसलो नसतो.

“यांनी,” मी म्हणालो. तोंडातून निघालं ते जरा उशिरा निघालं. साहेबांनी उशीर मोजला असावा.

वायरमनने जेवणाच्या सुट्टीत ट्यूबलाइटची जोडणी बदलली. अर्धा तास लागला. दुपारी कॉम्प्रेसर तीन वेळा सुरू झाला आणि हॉलमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही. ड्राफ्ट्समनने मला विचारलं, “सर, आता ती पाटी काढायची का?” राहू दे, म्हणालो.

पुढच्या महिन्यात नवा सर्व्हर आला आणि त्याचा ताबा तिला मिळाला. खोलीची किल्ली मी तिच्या हातात दिली, सही घेतली. ट्यूबलाइटमुळे यूपीएसवरचा भार वाढला म्हणून त्याच्याकडे बघणारा स्वतंत्र माणूस हवा, असं साहेबांनी ठरवलं आणि तो विभाग माझ्याकडे आला. त्यात सोळा बॅटऱ्या आहेत. दर महिन्याला मी त्यांत पाणी भरतो. त्यांना नळाचं चालत नाही.