पाच पुसल्या, चार सापडल्या

ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि मी कट्टा गावच्या बाजाराजवळ एका कलमांच्या रोपवाटिकेत कारकून होतो. मालकांचा भाचा मुंबईत कॉम्प्युटर शिकलेला. त्याने आमच्या कचेरीत मशीन आणून बसवलं, त्या दिवशी मालकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही सगळे हात जोडून दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणालो. मालक देवाकडे काय मागत होते ते मी ऐकलंच नव्हतं. देवळाच्या गावात वाढलेल्या माणसाच्या तोंडून ते दोन शब्द आपोआप निघतात.

मशीनवर नोंदी भरायचं काम वहिनीकडे होतं. ती माझ्या नात्यातली नव्हे. सगळी कचेरीच तिला वहिनी म्हणे आणि ती मला भावजी. पूर्वी ती काजूच्या कारखान्यात गर निवडायला होती. अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, ही सवय तिने इथेही सोडली नाही. आम्ही बाकीचे फायली फ्लॉपीवर एकत्र ओतायचो. ती प्रत्येक गावासाठी फ्लॉपीत आधी एक कप्पा करी आणि मगच त्यात फाईल ठेवी. "वहिनी, ह्या मशीन आसा, फडताळ न्हय," असं म्हणून मी तिला चिडवायचो.

फायली चुकून पुसल्या जायच्या. म्हणून भाच्याने एक प्रोग्राम लिहिला. फ्लॉपी घातली की तिच्यावरून पुसलेल्या फायलींची यादी यायची: नाव, तारीख, आकार. दुसऱ्या कचेऱ्यांनाही तो विकायचा त्याचा विचार होता, म्हणून त्याने सोबत बत्तीस चाचण्याही लिहिल्या. एक हुकूम दिला की मशीन आपलं आपण फायली बनवी, पुसे, यादी काढी आणि आधीच लिहून ठेवलेल्या उत्तराशी ती ताडून पाही. जुळलं की 'ओके'. "ज्याने लिहिलं त्यानेच तपासू नये," असं म्हणून त्याने चाचण्यांच्या कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. चाचण्या बरोबर आहेत का ते बघायचं आणि खाली सही करायची. मी हुकूम दिला. प्रिंटरने करकरत बत्तीस वेळा ओके उमटवलं. चहा पिता पिता मी पानं उलटली आणि झोकात सही ठोकली. त्या सहीचा मला फार अभिमान वाटला होता, हे आता सांगायला लाज वाटते.

त्याच वर्षी मे महिन्यात वहिनी आंबोलीच्या पायथ्यापर्यंतची गावं पालथी घालून, कुठली कलमं जगली ते टिपून आली होती. मशीनवर भरून झाल्यावर तिचे कागद चुलीत गेले. आता कागद कशाला, असं मालकच म्हणाले होते. मृगात मालकांनी ती माहिती मागितली, तर फ्लॉपीवर काही नाही. फ्लॉपी दिवसभर चार हातांतून फिरे. कोणी पुसलं देव जाणे. मालकांनी मला बोलावलं. त्यांच्या समोर मी प्रोग्राम चालवला. पुसलेल्यांच्या यादीतही वहिनीची एकसुद्धा फाईल नव्हती.

"म्हणजे भरूकच नाय," मालक तिला म्हणाले. "गावांत तरी गेल्लंस काय?"

"गेल्लंय. भरलंय. गाव तितके कप्पे करून भरलंय." मग ती माझ्याकडे वळली. "भावजीनू, तुमी तरी सांगा."

"ह्यो प्रोग्राम चुकता काय रे?" मालकांनी मला विचारलं.

"बत्तीसच्या बत्तीस चाचण्या बरोबर आल्या आहेत," मी एकदम शुद्ध मराठीत म्हणालो. "मी सही केली आहे."

एक तारखेपासून येऊ नको, असं मालकांनी तिला सांगितलं. नोकरी जाण्यापेक्षा खोटारडी ठरल्याचं तिला जास्त लागलं असावं.

त्या रविवारी आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं होतं. मानकरी एकेका वाडीचं नाव घेऊन सगळ्यांची राखण कर म्हणून देवाला सांगत होते, आणि त्यांनी नेमकी आमचीच वाडी गाळली. आम्ही त्याच वाडीतले वीस-पंचवीस पुरुष जोरात ओरडलो, "होय म्हाराजा!" मागून एक म्हातारी म्हणाली, "अरे, आमची वाडी खंय गेली?" सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला माझी सही आठवली. प्रसादाला न थांबता मी कट्ट्याची एसटी पकडली.

कचेरीची किल्ली माझ्याकडेच असायची. या वेळी गठ्ठा पेन्सिल घेऊन वाचला. सत्ताविसाव्या चाचणीत भाच्याने स्वतःच एक कप्पा केला होता. चार फायली बाहेर, एक कप्प्यात, पुसल्या पाचही. शेजारी लिहिलेल्या बरोबर उत्तरात नावं मात्र चार. प्रोग्राम कप्प्यांच्या आत बघतच नव्हता. आणि भाच्याने उत्तरं डोक्याने काढली नव्हती. प्रोग्राम जे बोलला तेच बरोबर म्हणून उतरवून ठेवलं होतं. बत्तीसही चाचण्या प्रोग्रामला होय म्हाराजा म्हणत होत्या. तेहतिसावा मी. पाच आणि चार मोजायला कॉम्प्युटर लागत नाही, पण मी मोजलेच नव्हते.

सोमवारी मुंबईला भाच्याला फोन लावला. तो बिचारा ओशाळला आणि चौथ्या दिवशी दुरुस्त प्रोग्रामची फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरकडून आली. मालकांसमोर तो चालवला. सात गावं, सात कप्पे, सात फायली, सगळ्यांवर मे महिन्यातल्या तारखा. रोज सकाळी मशीन लावल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून तारीख घालायची, हाही वहिनीचाच नेम.

"मगे ऱ्हव कामार," मालक म्हणाले. त्याहून जास्त एक शब्द नाही.

यादी मिळाली, पण प्रोग्राम नुसती नावंच दाखवी; आतला मजकूर गेला तो गेलाच. वहिनीला त्याच सात गावांत पुन्हा जायचं होतं, तेही भर पावसात. ती दारात छत्री उघडत होती तेव्हा मी जवळ गेलो. "वहिनी, माझा चुकला," म्हणालो.

तिने पदर खोचला. आवाज चढवला नाही.

"मशीनीक बत्तीस येळा इचारलात, भावजी. माका एकदाय इचारूक नाय."