सरत्यावरची मूठ

बासष्ट साली आमच्या यांची पोस्टिंग सरहद्दीवर होती. हे फौजेत नायक होते, हवालदाराच्या खालच्या हुद्द्यावर. त्यांच्या सेक्शनमध्ये दारव्ह्याकडचा शिपाई नामदेव होता. पहाटे गोळाबारी सुरू झाली. वायरलेसवर हुकूम आला, "पोस्ट सोडा. मागे या." त्याच वेळी यांच्या उजव्या हातात छर्रे घुसले. नामदेवने यांना खांद्यावर घेऊन नाल्यापार केलं. दुसऱ्या जखमीसाठी तो परत गेला. तो आला नाही.

हात बराच काळ प्लॅस्टरमध्ये राहिला. हाडं जुळली, पण बोटांचे सांधे ताठ झाले. मिलिटरी हॉस्पिटलात ऑपरेशन करून ते मोकळे केले. निघताना डॉक्टर कॅप्टन मला म्हणाले, "दुखलं तरी बोटं वाकवत राहा. थांबलात की पुन्हा ताठ होतील."

फुलसावंगीला घरी आलो. सासूबाईंनी हळद लावून हात फडक्यात बांधला. "जखमेचा हात हाये, निजू दे त्याले." बोटं पुन्हा आखडू लागली. पेरणीची तिफण धरता येईना. "मंग शेतात माहं काय काम?" म्हणून हे ओसरीवर बसून राहत.

पेरणी आली. आमच्याकडे तिफण पुरुष धरतो. मागून बाई सरत्यात, म्हणजे बांबूच्या नळीत, मुठीने बी सोडते. मूठ सैल करायची, आवळायची, पुन्हा सैल. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मी फडकं सोडलं आणि सरकीची ओटी यांच्या कमरेला बांधली. तिफण दिराने धरली.

सासूबाई शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून ओरडल्या, "काहून वं, फौजेतल्या माणसाले बाई बनवून राह्यली का?"

दीर हसला. "नायकसाहेब, लुगडं आणू का?"

यांनी सरता खाली ठेवला. यांच्यासमोर मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. पदर तोंडाशी धरून म्हणाले, "उचला तो. मूठ उघडा. बंद. उघडा."

हे बघतच राहिले. मग म्हणाले, "आवाज बारीक हाये, हवालदार. पुन्हा ऑर्डर द्या."

त्या साली कपाशी कुठे दाट, कुठे विरळ उगवली. रिकाम्या जागी पुन्हा बी टोचून मी खाडे भरले.

त्यानंतर पाच-सहा पेरण्या झाल्या. मधलं बोट अजून पुरतं वाकत नाही, थंडीत दुखतं. बाकीची वाकतात. आता हे तिफणही धरतात. पण पहिल्या तासाला, म्हणजे पेरणीच्या पहिल्या ओळीला, सरता यांच्याच हाती असतो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आम्ही तिफणीची पूजा करत नाही. हे सरकीने मूठ भरतात, "नामदेव" म्हणतात आणि बोटं सैल करतात.